चार दिवस बंद ठेवलेली गोळी

प्रिय दादा,

येत्या राखणीला तुला जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्ध झालं की लिहायचं ठरवलं होतं. पण आज सकाळी जनू आला, आणि आता थांबून चालणार नाही.

राखणीला शेताच्या राखणदार देवाला बोकड द्यायचा, तर तुझ्या जागी कोयता कुणी धरायचा? भावकीनं जनूला सांगितलं. चुलत असला तरी आता तोच थोरला. ओटीवर टेकला आणि म्हणाला, "वसंता, ती रगत पातळ करायची गोळी मी कालपासून बंद केलीय. राखण झाली की चालू करीन. दादानं पण केली व्हती ना?"

आत सुपाचा आवाज थांबला.

"कधी बंद केली होती हो, भावोजी?" वहिनीनं आतूनच विचारलं.

"बघून सांगतो," मी जनूला म्हणालो. वहिनीचा प्रश्न टाळून अंगणात उतरलो. मी, दादा! ज्याला विचारायचा अवकाश, की उत्तर तयार!

आमचा नववी नापास सर्जन, असं तू चारचौघांत म्हणायचास. मला राग यायचा, आणि बरंही वाटायचं. मेलेली शेळी पुरण्याआधी मी तिचं पोट उघडून बघायचो, रद्दीतून आणलेल्या जनावरांच्या पुस्तकाशी ताडून पाहायचो. राखणीच्या बोकडाची वजडी साफ करताना तुला एकदा आतड्यांचा पडदा ताणून दाखवला होता, आठवतं? "ही बघ, मूळ धमनी एकच. तू खाडीत पाग फेकतोस ना, मुठीत एक दोरी आणि पुढं गोल जाळं, तसंच. तिच्या फांद्या एकमेकींना कमानींनी जोडलेल्या. एखादी बारीक फांदी बंद पडली तर शेजारची रक्त पुरवते. माणसातही साधारण हेच."

"आणि मुठीतली दोरीच तुटली तर?" तू विचारलंस.

मी हसलो होतो. का हसलो?

दोन वर्षांपूर्वीच्या राखणीला कोयता तुझ्या अंगठ्याला लागला होता. दुपारपर्यंत रक्त थांबेना, पंचा भिजला. म्हणून गेल्या राखणीआधी मीच म्हणालो, "चार दिवस गोळी सोड. काही होत नाही." डॉक्टरला विचारू का, असं तू म्हणालास. "मी आहे ना!" हे माझेच शब्द, जसेच्या तसे.

तुझी नाडी अडखळायची, गोळी त्यासाठीच होती. अडखळणाऱ्या हृदयात रक्ताची गाठ धरते, हे मला माहीत होतं. ती सुटून आतड्याच्या मूळ धमनीत अडकू शकते, हे माहीत नव्हतं. मला माहीत नाही असंही काही असतं, हे तर मुळीच नव्हतं.

राखणीच्या संध्याकाळी, चार वाजून वीस मिनिटांनी, तू बेंबीशी हात धरून बसलास. घामानं भिजलेला. मी पोट दाबून पाहिलं, तर मऊ. फुगलेल्या शेळीचं पोट ढोलासारखं वाजतं, तुझं वाजत नव्हतं, म्हणजे घोर काही नाही असं मी धरलं. "गॅस आहे. ओवा चाव," म्हणालो. तू चावलास. का ऐकलंस माझं? एकदा तरी शिवी द्यायचीस!

माणगावमार्गे पनवेलला पोचेपर्यंत साडेदहा वाजले. ऑपरेशन करून बाहेर आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतडं जवळजवळ सगळं काळं पडलंय. मी विचारलं, पोट तर मऊ होतं? त्या म्हणाल्या, "दुखणं भयंकर आणि पोट मऊ, सुरुवातीला हीच तर खूण असते."

गोळी चुकली होती का, हेही त्यांनी विचारलं. वहिनी शेजारी उभी होती. मी म्हणालो, "कल्पना नाही."

भावकी म्हणते, राखणदार कोपला. वर्षभर मी मान डोलावली. बोकडात खोट होती का, यावर तर मी शास्त्रही सांगितलं! वहिनी मात्र स्वतःला खाते. आदल्या दिवशी तुला शिळी आमटी वाढली, म्हणते. एवढं तिला बोलू दिलं मी, दादा. तुला आवडलं असतं?

आता संध्याकाळचे पावणेसात झालेत. जनूची गोळी आठची. कालची गेली. आजचीही गेली तर काय होईल, ते मला ठाऊक नाही, आणि हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय.

वहिनीला म्हटलं, चपला घाला, जनूकडे जायचंय. ती दारात उभी आहे. "एवढं काय काम काढलंत, भावोजी?" असं विचारतेय.

तुला शब्द देतो. आधी जनूच्या डॉक्टरांना फोन लावीन आणि चुकलेल्या गोळीचं काय करायचं ते त्यांनाच विचारीन. ते सांगतील तसं जनू करेपर्यंत तिथून उठणार नाही. मग त्याच्यासमोर वहिनीला सांगेन, चार दिवस कुणी सांगितले आणि ओवा कुणी दिला. त्यानंतर तिनं मला या घराची पायरी चढू दिली नाही, तर चढणार नाही.

तुझा धाकटा,
वसंत