चला ना तुम्हीपण प्रागला

जुईनगर, नवी मुंबई
रविवार, ९ मार्च १९९७

ती. माई,

दिवाळीनंतर तुला माझं पत्र नाही. कारण सांगू लागले तर ती सबब होईल आणि कारणच नव्हतं म्हटलं तर ते खोटं होईल, म्हणून नुसती क्षमा मागते आणि वाकून नमस्कार करते. (एवढं लिहिल्यावर खरोखर खुर्चीतून उठून वाकले. मनाली म्हणाली, "आई, काही सांडलं का?") तुझा खोकला कसा आहे? अडुळसा स्वतः घेतेस की नुसता गल्लीभर सांगत फिरतेस? चिपळुणात उकाडा सुरू झाला असेल. परसातला फणस यंदा धरला का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, ह्यांची डावी टाच सोडून. टाचेकडे मी येणारच आहे, पण वाट जरा लांबची आहे.

महाप्याच्या कारखान्यात ह्यांना जानेवारीत वीस वर्षं झाली. एरवी तिथे वीस वर्षांनी भिंतीवरचं घड्याळ देतात, पण नवे मालक हौशी आहेत. त्यांनी नवराबायकोला विमानाची दोन तिकिटं देऊ केली: युरोपातलं कुठलंही एक शहर, जूनच्या आत, राहणं-खाणं-फिरणं आपलं आपण. मी तीन दिवस घरात अशी वावरत होते, की दूधवाल्यालाही काहीतरी घडल्याचं कळलं. ह्यांनी मात्र शांतपणे वाचनालयातून पुस्तकं आणली आणि सगळ्यांत स्वस्त म्हणून प्राग निवडलं. तिथे एक म्हातारी विधवा घरातली खोली भाड्याने देते. तिचं पत्र आलंय. खोलीत दोन खाटा, कोपऱ्यात गॅस, आणि तिसरा माणूस चालणार नाही. हे शेवटचं वाक्य तिनं अधोरेखित केलंय. (तिलाही दीर असावेत.)

माई, त्या अधोरेखित वाक्यावर माझा जीव जडला. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो ते अकरा जण. गोव्याला गेलो ते नऊ, त्यातल्या दोघांची नावं मला परत आल्यावर कळली. एकवीस वर्षांत एकदा तरी दोनच माणसांनी कुठे जावं, थांबावंसं वाटलं तिथे थांबावं, आणि "अहो, सगळे आले का" असं मोजू नये, एवढंच मला हवं होतं. हे हवं असणं स्वार्थीपणाचं आहे का, यावर मी डायरीत दोन पानं लिहिली. निर्णय झाला नाही.

ह्यांचा चार दिवसांचा बेत पक्का होता. चारही दिवस पायी फिरायचं, गॅसवर भात शिजवून डब्यात न्यायचा आणि इमारती बाहेरून बघायच्या. "बाहेरून बघायला तिकीट नसतं," हे म्हणतात. "आणि इमारत दिसते ती बाहेरूनच. आत काय, खुर्च्या."

आता माझी चूक. आपण जेवत असताना कुणी दारात आलं तर आपण "या जेवायला" म्हणतो आणि समोरचा "चालू द्या, आत्ताच झालं" म्हणतो, मग तो सकाळपासून उपाशी का असेना. हा व्यवहार दोन्ही बाजूंना पाठ असतो म्हणून तर आपला समाज टिकून आहे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कमळाकर मला जिन्यात भेटले. "काय वहिनी, ऐकलं ते खरं काय? फॉरेन?" मी हो म्हटलं. नुसतं हो म्हणून पुढे जाणं बरं दिसेना, म्हणून वर म्हटलं, "चला ना तुम्हीपण." ते म्हणाले, "बघतो, हिला विचारतो." आपल्याकडे 'बघतो' म्हणजे 'नाही', तेव्हा मी निर्धास्तपणे भाजी आणायला गेले. (मागाहून वाटलं, मी जरा जास्त हसून म्हटलं का?) दुसऱ्या दिवशी सकाळी ते जोडीनं हजर, पासपोर्टसाठी काढलेले फोटो घेऊन. फोटोत कमळाकरांनी मफलर गुंडाळला होता.

बातमी डोंबिवलीला पोचली. ह्यांचे मावसभाऊ दिलीप, त्यांचा फोन. "दादा, सोसायटीला नेतोस आणि घरच्यांना टांग?" मग त्यांना म्हणणं भागच होतं. ते लगेच हो म्हणाले, त्यांची बायको हो म्हणाली आणि दिलीपच्या सासूबाई, ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं, त्या सर्वांत आधी हो म्हणाल्या. झाले सात. मग माझं मन मला खाऊ लागलं, की तिकीट काढण्याची ऐपत असलेल्यांनाच 'चला' म्हणायचं हा कुठला न्याय? म्हणून शिरवण्याहून मासे घेऊन दारावर येणाऱ्या वेणूबाईलाही मी विचारलं. तिनं टोपली उतरवली. "दर्या हाय का तिथं?" म्हटलं, दर्या नाही, नदी आहे. "मंग बघाला काय चाललीस?" असं म्हणून तिनं बोंबील मोजायला घेतले. तेवढा एकच नकार मिळाला, तोही प्रागला.

पुढच्या रविवारी आमच्या हॉलमध्ये बैठक भरली. कमळाकरांनी सहल समिती स्थापली, स्वतःला अध्यक्ष नेमलं आणि इतिवृत्त लिहायला घेतलं. दिलीप म्हणाले, एवढं जातोच आहोत तर पॅरिस करून येऊ, शेजारीच असेल. खोलीत दोनच खाटा आहेत हे मी सांगून पाहिलं. "वहिनी, आपण काय खाटेवर वाढलो? खाली गाद्या घालू." म्हातारी तिसरा माणूस घेत नाही, हेही सांगितलं. "टेन्शन घेऊ नका," कमळाकर म्हणाले, "म्हातारीशी मी बोलतो." (कुठल्या भाषेत, ते इतिवृत्तात नाही.) पोहे संपले आणि सगळे आनंदानं घरी गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले.

बोलावलेल्या माणसाला 'येऊ नका' कसं म्हणतात, हे मला या वयातही येत नाही. ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, "आपण नाही म्हणायचंच नाही. फक्त कार्यक्रम सांगायचा." आणि ह्यांनी रंगीत तालीम जाहीर केली. जुईनगर स्टेशन म्हणजे प्रागचा जुना पूल, तुर्भे नाका म्हणजे घड्याळाचा चौक, महापे म्हणजे किल्ला. सगळ्यांनी चालत जायचं, चालत यायचं, डब्यात भात, आणि वाटेतले कारखाने बाहेरून बघायचे. तिथे जे करणार आहोत तेच इथे. यात लबाडी आहे का, असं मी स्वतःला विचारलं. कार्यक्रम तर खराच होता. फक्त प्रागमध्ये ठाणे-बेलापूर रस्त्याचं ऊन नसतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही, म्हणजे थोडी होती.

गेल्या रविवारी सकाळी निघालो. दिलीपच्या सासूबाई पुलावरच बसल्या, म्हणजे स्टेशनच्या बाकावर. "इथून दिसतंय ते बास," म्हणाल्या. दिलीप आणि त्यांची बायको सानपाड्यापर्यंत आले आणि तिथे एका बंद रसायनाच्या कारखान्याकडे बघत दिलीपनी विचारलं, "दादा, चार दिवस हेच?" "याहून मोठ्या इमारती आहेत," हे म्हणाले, "पण पद्धत हीच." दोघं परत फिरली. कमळाकर मात्र मफलर बांधून घड्याळाच्या चौकापर्यंत आले. तिथे ह्यांनी भाताचा डबा उघडला. कमळाकरांनी भाताकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि हात करून रिक्षा थांबवली. बसता बसता ह्यांना म्हणाले, "नंदूशेठ, तुम्ही दोघं जाऊन या. आमचं काय, पुढच्या वेळी."

आता माझी अडचण समजून घे. 'नको' म्हणणाऱ्याला एकदा तरी आग्रह करायला हवा. मी म्हटलं, "असं कसं, तुमच्याशिवाय मजा नाही." कमळाकरांचा एक पाय रिक्षाबाहेर आला. "खरं म्हणता वहिनी?" ह्यांनी मागून माझा दंड असा दाबला, की दुसरा आग्रह घशातच राहिला. रिक्षा गेली. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला अर्धवट आग्रह करून सोडलं. वाईट वाटलं, पण साधारण पुढच्या सिग्नलपर्यंतच.

मग आम्ही दोघंच. भात गार झाला होता, मिठाला कमी होता, आणि सावलीत बसून आम्ही तो पुरणपोळीसारखा खाल्ला. ह्यांनी लग्नाआधी कविता केल्या होत्या हे मला तिथे, एका टायरच्या गोदामासमोर कळलं. (एक म्हणून दाखवली. बरी होती. खरं म्हणजे बरी नव्हती.) किल्ल्याच्या दारात, म्हणजे त्यांच्याच कारखान्याच्या फाटकाशी, हे मटकन खाली बसले. डावी टाच. डॉक्टर म्हणतात, हाड वाढलंय, पावसाळ्यापर्यंत लांब चालणं बंद. म्हणजे प्राग बंद.

मी म्हटलं, जाऊ दे, कुणीच नको जायला. तर हे म्हणाले, "मला इमारती बाहेरूनच बघायच्या होत्या. फोटोतही बाहेरूनच दिसतात. तू जा, आणि कुणाला तरी घेऊन जा." कंपनीत त्यांनी विचारलंही. बायकोबरोबर जवळचं कुणी नातेवाईक चालेल, फक्त नाव या महिन्यात कळवायचं. हे येणार नाहीत याचं मला जितकं दुःख व्हायला हवं होतं तितकं झालं नाही, ही गोष्ट मी डायरीत लिहिली, खोडली आणि परत लिहिली. त्या दिवशी ह्यांना रिक्षात घातल्यावर मी एकटीच चालत परत आले ना, ते मला फार आवडलं होतं. पाय दुखत होते आणि मी गुणगुणत होते.

असो. फार लांबलं. खोकला सांभाळ. मनालीचा आणि ह्यांचा नमस्कार.

तुझी लेक,
वैजयंती

ता. क. दुसरी खाट रिकामी आहे. तू येतेस का?

ता. क. २. वरचं वाक्य जिन्यातलं नाही. मी तुझं 'नको' ओळखते, माई. तुझ्या लेकानं, वरदनं, मस्कतला बोलावलं तेव्हा तू पासपोर्ट काढलास आणि ऐन वेळी "मी कशाला, तुम्ही जा" म्हणालीस. तुला दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही, आणि तो पासपोर्ट तसाच कोरा पडला आहे. म्हणून मी इथेच दुसऱ्यांदा विचारते: येतेस का? आणि तिसऱ्यांदाही. तू रोज शाळेत शिकवायला चालत जायचीस तेव्हा मला तुझ्यामागे पळावं लागायचं, म्हणून चालताना तू कुठे अडशील याची मला काळजी नाही. भात तू कर, माझा गिचका होतो.

ता. क. ३. आज सकाळी जिन्यात कमळाकर भेटले. म्हणाले, "एक जागा रिकामी झाली म्हणे?" मी अजिबात हसले नाही. पण उत्तर लवकर धाड.

(त्याच रात्री, डायरीत) उद्या: ऑफिसातून येताना माईसाठी कॅनव्हासचे बूट घेणे, पाच नंबर.