समोरचा हॉल

सोमवार, ४ तारीख

पोचले! नवी नोकरी, पहिलीच पाहणी, आणि खोली इतकी छान की आईला फोनवर खिडकीबाहेरच्या झाडाचंसुद्धा वर्णन करून सांगितलं. सरकारी दवाखान्यांना चादरी पुरवणारा हा कारखाना. तो कामगारांना माणसासारखं वागवतो की नाही हे मी बघायचं. माझी सही झाली तरच सरकार पुढची खरेदी करणार. एवढा मान मला घरातसुद्धा कधी मिळाला नाही! राहायची सोय मात्र कारखान्याच्याच आवारात, पाहुण्यांच्या खोलीत. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याच घरी मुक्काम? तसं ऑफिसातल्या साहेबांना म्हटलं, तर म्हणाले, बाहेर राहण्याची तरतूद नाही. असो. चहा उत्तम होता. शनिवारी परत घरी.

मंगळवार, ५ तारीख

समोरचा मोठा हॉल पाहिला. पंखे, भरपूर उजेड, पाठ टेकायच्या खुर्च्या. कामगार कल्याण अधिकारी म्हणून एक बाई आहेत. त्या इतक्या गोड बोलतात की मी त्यांचं नाव साखरबाई ठेवलंय. शिवणाऱ्या बायकांना एकेक करून विचारत गेले, प्यायला पाणी मिळतं का. पहिली म्हणाली, पाणी थंड असतं, आम्ही समाधानी आहोत. दुसरी तेच म्हणाली. तिसरीही तेच. रांग संपेपर्यंत माझं डोकं उठलं. वैतागून एकीला विचारलं, मुलं किती तुम्हाला? तीही म्हणाली, पाणी थंड असतं. पाहणीआधी उत्तरं घोकून घेतात हे ऐकून होते, पण घोकणाऱ्याने निदान प्रश्न तरी ऐकावा! साखरबाई शेजारी उभ्या राहून कौतुकाने मान डोलवत होत्या.

बुधवार, ६ तारीख

हॉलच्या मागे एक लांबलचक शेड आहे. तिथूनही मशीनचा आवाज येतो, आणि खोकल्याचा. एक खोकला थांबला की दुसरा सुरू. ती शेड दाखवा म्हटलं. सकाळी किल्ली सापडत नव्हती. दुपारी किल्ली सापडली, तर दाराचा रंग ओला होता. संध्याकाळी रंग वाळला, तर किल्लीवाला घरी गेलेला. मी कपाळावर हात मारून घेतला. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, उगाच फाटे फोडू नका, दवाखान्यांत पेशंट उघड्या गाद्यांवर पडलेत, सही करा आणि या. शेड बघितल्याशिवाय सही होणार नाही, असं मीही ठणकावलं. त्यांनी फोन ठेवून दिला. लगेच आईचा आला, जेवलीस का म्हणून. साहेबांवरचा राग तिच्यावर काढला.

गुरुवार, ७ तारीख

हॉलमधल्या मशीनमध्ये दोरा नाही. एकातही नाही! सुई वरखाली होते, कापड पुढे सरकतं, टाका मात्र पडत नाही. म्हणजे चादरी मागे शिवल्या जातात आणि या बायका नुसत्या मला दाखवायला मांडून ठेवल्यात. संताप इतका झाला की घाबरायचं राहूनच गेलं.

साखरबाईंची पाठ वळली तेव्हा कोपऱ्यातल्या चष्मेवालीने माझी बाही धरली. कुजबुजत म्हणाली की माझ्या आधीची तपासनीस ती. ऑफिसात तर सगळे सांगतात की ती नोकरी सोडून गेली! ती मागच्या शेडमध्ये जाऊन आलीय. तिथली माणसं जागेवरून उठतच नाहीत, म्हणाली. हाताला धरून उठवली तरी उठत नाहीत. मग माझी बाही घट्ट पिळून म्हणाली, मला सोडव. सोडवते, मी म्हटलं.

शुक्रवार, ८ तारीख

साहेब म्हणतात, तिथे अशी कोणी बाई नाही, असेल तर पुरावा पाठवा. नुसती टोलवाटोलवी. अहो, पुरावा म्हणजे ती स्वतःच! ती टेबलापुढे येऊन उभी राहिली की कसे झटकतात बघूच.

युक्ती तिनेच सुचवली. फाटकावरचा रखवालदार गळ्यातलं ओळखपत्र बघतो, चेहरा बघत नाही. साखरबाई दारातून खुर्च्या भरल्यात का तेवढंच बघतात. म्हणून माझं ओळखपत्र, माझा निळा स्वेटर आणि पर्स तिला दिली. तिचा एप्रन मी घातला. आजची दुपार फक्त. ती साहेबांना घेऊनच येणार. रखवालदाराने तिला चक्क सलाम ठोकला. सोडवलं मी तिला! फोन पर्समध्येच राहिला, ही माझी नेहमीची धांदल; ही वही तेवढी एप्रनच्या खिशात आहे.

शनिवार, ९ तारीख

ती आली नाही. रखवालदाराला सांगितलं, तपासनीस मी आहे. तो म्हणाला, मॅडम कालच गेल्या. माझ्या खोलीला कुलूप. साखरबाईंनी खांद्यावर हात ठेवून मला खुर्चीत बसवलं, इतक्या मायेने की — मी किंचाळले. तोंडातून निघालं, आम्ही समाधानी आहोत.

आज घरी जायचं होतं. आई दाराशी येऊन बघत असेल.

सोमवार, ११ तारीख

मशीन बंद झाली तरच हात थांबतात. तेवढ्यात लिहिते. भूक लागत नाही. पाणी थंड असतं. हे मी लिहिलेलं नाही. खोडते आहे, पण —

बुधवार, १३ तारीख

उद्या पाहणी आहे. साखरबाईंनी आमचे केस विंचरले. कोणी का येईना, मी त्याची बाही धरणार. एकच वाक्य घोकते आहे. मी तपासनीस आहे. मी तपासनीस आहे. मी समाधा —

गुरुवार, १४ तारीख

तीच आली! चष्मा, माझा स्वेटर. सुटले — पण साहेब कुठेत? एकटीच आहे. गळ्यात माझं ओळखपत्र. साखरबाई तिला माझ्या नावाने हाक मारतायत.

माझ्यापाशी थांबली. पाणी मिळतं का, विचारलं. नजर वर केली नाही. मी बाही धरली. तिने हळूच एकेक बोट सोडवलं. शेडचं नावही काढलं नाही. सही केली. माझीच सही, हुबेहूब —

फोन वाजतोय. माझा. तिने उचलला. हो गं आई, म्हणते. जेवले. आज येतेच घरी.

अजून बोलतेय. अजून वेळ आहे. मी ओरडते, फोनमधून ऐकू जाईल — आई, ती मी नाही गं, मी इथे आहे, मी — आई — आई, पाणी थंड