मुंबई ते लंडन, नऊ तास

आप्पा, तुम्हाला जाऊन पन्नासेक वर्षं होत आली. परवा नातीने तिच्या फोनवर मुंबई ते लंडन अंतर काढून दाखवलं. सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर, नऊ-साडेनऊ तास. मी म्हटलं, हे मला पाठ आहे. कशामुळे, ते सांगितलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. इंग्लंडमधल्या एका इस्पितळात नर्सिंग शिकायला या, असं पत्र मला आलं होतं आणि घरात कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. तुम्ही सोलापूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर. कुठल्याही गावाला किती वेळ लागतो, हे लोक तुम्हालाच विचारायचे. दुपारी मी तुमचा डबा घेऊन येते. तुम्ही खिडकीशी बसून अकलूजच्या गाडीची नोंद करताय. वर न बघताच विचारता, "किती तास लागतात गं तितं जायला?"

"नऊ."

"दिवस न्हवं? तास?"

"तासच, आप्पा."

तुमचा हात थांबतो. "अगं, बार्शीची गाडी वाटेत बंद पडली तर माणसं एवढा वेळ बसून राहतात की!" संध्याकाळी तुम्ही आईला सांगितलंत, "जाऊ दे तिला. नऊ तासांवर तर हाय."

आकडा खोटा नव्हता. विमान हवेत असतं तेवढेच तास मी सांगितले. विमान मधे दोनदा उतरतं, मुंबईहून पुढे सोलापूरपर्यंत रेल्वे, आणि रजा मॅट्रनच्या मर्जीवर, हे गाळलं. शाळेत असताना एकदा गाडीच्या गणितात मी थांबे धरले नव्हते, तेव्हा तुम्ही माझ्यावर चिडला होतात. तेवढं एकदाच. "थांबे न धरता वेळ सांगायची न्हाय. माणसं ताटकळत बसतात."

तिसऱ्या वर्षी तुम्हाला झटका आला. काकांनी तार केली. मी पाचव्या दिवशी पोचले, आदल्या दिवशी तुमची माती झाली होती. आईने हातात पाण्याचा तांब्या दिला, रडली नाही. म्हणाली, "तार केल्यापासनं दाराकडं बघत हुते. नऊ तास कवाच झाले, अजून कशी आली न्हाय, विचारत हुते." मी सांगितलं, विमानात जागाच मिळाली नाही. सगळ्यांना पटलं. आईलाही पटलं असावं, पुन्हा कधी तिने विषय काढला नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. तार सोमवारी सकाळीच वॉर्डात माझ्या हातात पडली होती. बुधवारी माझी शेवटची परीक्षा होती. मी पेपर दिला आणि मग रजा मागायला गेले. मॅट्रनने उभ्या उभ्या दिली. विमानात जागाही लगेच मिळाली.