थर्माकोलच्या पेटीतली बटेरं

मोडनिंब,
१ मार्च

प्रिय वैजू,

हे पत्र शेजारच्या नूरबीच्या हाती पाठवतेय. ती लेकीकडे सांगोल्याला निघालीय, तुझ्या हातातच देईन म्हणाली. फोनवर सांगितलं असतं, पण हल्ली फोन वाजला की आण्णाच आधी उचलतात, आणि मी बोलायला लागले की समोर खुर्ची ओढून बसतात. कालचा तुझा फोन मी पटकन ठेवला तो त्यामुळेच. रागावू नकोस. हे एकटी असताना वाच, शिवराजरावांना मागून दाखव.

पिल्लांचं काय झालं, असं तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला. आता सगळं सांगते. आई गेल्यापासून आण्णा नुसते ओट्यावर बसून असायचे, म्हणून संक्रांतीनंतर मीच टेंभुर्णीच्या एका फार्मवरून बटेरांची तीस अंडी आणली. मोठ्या बोराएवढी, तपकिरी ठिपक्यांची. आण्णांना हातात काम मिळालं. थर्माकोलची पेटी, दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि तापमान सांभाळणारं ते छोटं यंत्र, एवढ्यावर त्यांनी दोन दिवसांत उबवणीची पेटी उभी केली. तीस वर्षं वायरमन म्हणून खांबावर चढलेला माणूस, वायरची एक गाठ इकडची तिकडे नाही. नूरबी बघायला आली आणि म्हणाली, “आण्णा, कोंबडीला लाजवलं की तुमी!” आण्णा हसले. किती दिवसांनी हसले, वैजू.

अंडी दिवसातून तीनदा फिरवायची असतात. कुठलं फिरवलं ते कळावं म्हणून आण्णांनी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला. आठवड्याभरानं मी झाकण उघडलं तर अंडी पेन्सिलीनं काळी पडलेली. फुलीवर फुली, गोलावर गोल, पुन्हा फुली. विचारलं तर म्हणाले, “खुणा करायच्या राहिल्या हुत्या की.” मी ओल्या फडक्यानं हलकेच पुसली आणि मनात म्हटलं, वय झालं. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण आपल्याला हवं असतं तेच आपण बघतो.

सतराव्या दिवशी सकाळी पहिलं अंडं फुटलं. संध्याकाळपर्यंत एकवीस पिल्लं! अंगठ्याच्या पेराएवढी, अंगावर पिवळ्या पट्ट्या, ओली असताना किड्यासारखी दिसायची आणि वाळली की कापसाचे गोळे. मी मोठ्या खोक्यात भुसा पसरला, वर बल्ब टांगला. ही पिल्लं इतकी बारीक की पाण्याच्या ताटलीतसुद्धा बुडतात, म्हणून फार्मवाल्यानं सांगितल्याप्रमाणे ताटलीत खडे घातले. तिसऱ्या दिवशी अंगणवाडीतून आले तर चार पिल्लं पाण्यात मरून पडलेली. खडे ताटलीत नव्हते. खोक्याच्या कडेला एकावर एक नीट रचून ठेवले होते. आण्णा म्हणाले, “पाण्यात दगडं कुणी टाकली काय की. मी काडली.” मी पुन्हा समजावलं. मान डोलावून म्हणाले, “व्हय, व्हय, ध्यानात हाय.” आणि मला एकदम त्यांच्या आवाजाची भीती वाटली. परक्या माणसाशी बोलावं तसा तो आवाज होता.

त्यानंतर मी शेजारी नूरबीला सांगून ठेवलं, दुपारची एक चक्कर मार म्हणून. आण्णा दिवसभर त्या खोक्यापाशीच असायचे. भर दुपारी गच्ची तापून घरात थांबवत नव्हतं, तरी दार-खिडक्या लावून बसायचे. थंडी आत येते म्हणायचे. मला आईच्या नावानं हाक मारायचे, मग ओशाळायचे. एकदा मला विचारलं, तू कुणाच्या घरची? मी चेष्टा समजून हसले. ते हसले नाहीत.

तो रविवार होता, मी घरातच होते. धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले, दहा मिनिटं झाली असतील नसतील. खाली आले तर चिवचिव अर्ध्यावर आलेली. दिवाणावर आईच्या जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या ओल्या चिंध्या, आणि त्यांत गुंडाळलेली सात पिल्लं. बाळाला बांधतात तशी घट्ट, चोचीपर्यंत झाकलेली, एका ओळीत निजवलेली. सगळी गार. मला वाटलं बाहेरचं कुणीतरी आत शिरलं. ओरडून नूरबीला बोलावलं. “मांजर आलं असंल का गं?” मीच विचारलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. तिनं एक चिंधी सोडवून बघितली आणि हळूच म्हणाली, “ताई, मांजर खाऊन जातं. असं मांडून ठिवत न्हाय.” मग तिनं मोरीकडे बघितलं. आण्णा तिथं उभे होते, आठवी चिंधी पिळत. आम्हाला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. “हळू बोला. वैजीचा आत्ताच डोळा लागलाय. आठव्या म्हैन्याची पोर, लई जपाय लागतं.”

वैजू, तू आठव्या महिन्यातच झालीस, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मूठभर होतीस. आईला ताप होता, तेव्हा आण्णांनीच तुला कापसात आणि लुगड्यात गुंडाळून, बल्बच्या उबेत महिनाभर जगवलं. त्या चिंध्यांत दुष्टावा नव्हता गं. तेच तर जास्त भयंकर आहे. त्यांना कुणी रागावून थांबवू शकणार नाही, कारण ते चुकतायत असं त्यांना वाटतच नाही.

उरलेली दहा पिल्लं मी त्याच दिवशी नूरबीकडे दिली. तिथं ती छान वाढलीत, पंख फुटलेत. आण्णांना घेऊन सोलापूरला डॉक्टरांकडे जाऊन आले. विसरण्याचा आजार आहे आणि तो वाढतच जाणार, असं ते म्हणाले. मी अंगणवाडीत असते तेवढा वेळ नूरबीची सून येऊन बसते. आज सकाळी मात्र आण्णा अगदी पहिल्यासारखे होते. चहा पिताना त्यांनी स्वतःहून विचारलं, “अगं, ती पिल्लं कुटं गेली? कुणी मारली?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी सांगितलं, मांजरानं नेली.

आणि त्या रविवारपासून ते तुझी वाट बघतायत. कालच त्यांनी माळ्यावरून पाळणा काढला, दोऱ्या बदलल्या, आईची उरलेली लुगडी धुऊन, फाडून घड्या घालून ठेवली. वैजू, शिवराजराव तुला पुढच्या रविवारी बाळंतपणासाठी इकडे सोडणार आहेत. तू येऊ नकोस. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं हे मलाही कळतं, आईची सगळी हौस मी करणार होते. पण मला दहा मिनिटांचीसुद्धा खात्री देता येत नाही. मी रात्रंदिवस पहारा करीन, आणि एक दिवस धुणं वाळत घालायला जाईन. तुझ्या सासूबाई, बजाबाई, नावं ठेवतील, तर त्यांना सांग, अक्काला जमत नाही म्हणते, अक्काच कोत्या मनाची निघाली. माझ्यावर घाल सगळं. आण्णांचं नाव मात्र घेऊ नकोस. आपल्या नातवंडाला आपल्यापासूनच लांब ठेवलंय, हे एखाद्या बऱ्या सकाळी त्यांच्या कानावर गेलं, तर ते जगणार नाहीत.

तुझी, माहेराला कडी लावून बसलेली,
अक्का