एकाच ताग्याचे सात कोट

प्रिय चिमणे,

शनिवारच्या कार्यक्रमात आमच्या अध्यक्षीणबाई तुला न विचारता तुझा लहानपणचा एक फोटो पडद्यावर दाखवणार आहेत. मला ते थांबवता आलं नाही, म्हणून हे पत्र. बसून वाच.

मंडळाला पन्नास वर्षं झाली आणि तू मुलांची नावाजलेली डॉक्टर, म्हणून तुला प्रमुख पाहुणी बोलावलं असं तुला वाटतंय. तेवढंच नाही.

मंडळ सुरू झालं ते शाळेच्या शिवणवर्गात. आम्ही चौघी, मशिनी दोन. ज्या मुलांकडे थंडीचे कपडे नाहीत त्यांना कोट शिवायचे. नियम एकच, पण कडक: कोट मंडळाचा आहे हे वर्गात कुणाला कळता कामा नये. पहिल्याच वर्षी एका गिरणीनं पांढऱ्या लोकरी कापडाचा अख्खा तागा दिला. एकसारखे सात कोट एका शाळेत गेले असते तर सातही पोरं लगेच ओळखू आली असती. म्हणून आम्ही सात पातेल्यांत सात रंग उकळले. लाल माझ्याकडे होता. कोपरापर्यंत हात रंगवून घरी गेले, तर तुझे काका म्हणाले, "कुणाला संपवून आलीस? आधी सांगायचंस, बॅगा भरून ठेवल्या असत्या."

तो लाल कोट तुझा.

तुझी आई शिवणवर्गाच्या दारातूनच परत फिरली होती. दान घेणार नाही म्हणाली. बहिणीनं दिलं तर घेईन, आणि पोरीला कधीही कळता कामा नये. मी म्हटलं, मग मी बहीण. तेव्हापासून मी तुझी मावशी. आपलं रक्ताचं नातं नाही. आई गेली तेव्हाही बोलले नाही. शब्द दिला होता.

पुढे गिरणीवाल्यांनी फोटो मागितला; शाळेत कुणाला दाखवायचा नाही, या अटीवर आम्ही काढला. तुम्हा सातांना मंडळाच्या पाटीखाली उभं केलं. तू पाच वर्षांची, तुला आठवायचं नाही. परवा कपाट आवरताना तो फोटो अध्यक्षीणबाईंना सापडला, मागे सातांची नावं लिहिलेला. "बाई, तुमच्या काळी लाज वाटायची, आता अभिमान वाटतो," म्हणाल्या. मी म्हटलं, अभिमान तिचा, तिला आधी विचारा. "मग सरप्राइज काय राहिलं?" हात वर करून मतं घेतली. माझ्या बाजूनं एकच हात, माझा. तोच हात खाली आणून मी टेबलावरचा फोटो पर्समध्ये टाकला. चोरी म्हणाल्या. म्हणोत. पण त्यांच्या फोनमध्ये तो आहेच.

म्हणून तुझ्या आईला दिलेला शब्द आज मोडते आहे. भरल्या सभागृहात तुला हे कळावं आणि तुझा चेहरा सगळ्यांनी बघत बसावं, त्यापेक्षा तू घरात माझ्यावर रागावलेली परवडली. फोटो नको असेल तर त्यांना फोन कर. तुला नाही म्हणायची त्यांची टाप नाही. मी शनिवारी पहिल्या रांगेत आहे. तुझी कोण म्हणून, ते तू ठरव.

तुझीच,
अजून तरी मावशी

तुझ्या दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या हाती दिलं: फोटो, एक. लाल कोट, एक. बाह्यांची दुमड दोनदा सोडलेली, खालचं बटण वेगळं. तुझ्या आईनं तो धुऊन परत आणला होता, पुढच्या मुलासाठी. मी दिला नाही.