रजियाआपा खऱ्याच निघाल्या

मंगळवार, संध्याकाळ. लातूर

सुटलो एकदाचा! भूकंपात पोरक्या झालेल्या मुलींसाठी तेव्हा निघालेल्या ट्रस्टचं खातं आमच्या बँकेत मीच अडवून ठेवलं होतं. अध्यक्ष इथले बडे कोचिंगवाले. दुसऱ्या विश्वस्त रजियाआपा, त्यांना बँकेत कुणी पाहिलेलंच नाही. नुसतं कागदावरचं नाव तर नाही? क्लासचा काळा पैसा ट्रस्टमधून फिरतोय का?

आज न कळवता अहमदपूरला वसतिगृहावर गेलो. आपा मुलींना जेवायला वाढत होत्या. नुसतं नाव नव्हतं तर! मी विचारलं, "ट्रस्टमध्ये शेवटचा शब्द कुणाचा?"

"माझा हाय," आपा म्हणाल्या. "अध्यक्ष सायबांनी क्लासचा पैसा ट्रस्टच्या खात्यात ठेवू म्हनलं. मी सही केली न्हाई. पोरींच्या नावावर दुसऱ्याचा पैसा कशाला?"

किती हलकं वाटलं! संशय खोटा नव्हता, पण ट्रस्ट शाबूत आहे. उद्या आधी खातं मोकळं करतो.