एक पत्र परत आलं नाही

६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे तपासून याच पाकिटातून परत पाठवतो आहे. अकरा लाल खुणा आहेत. मागच्या खेपेला चौदा होत्या, म्हणजे एकाहत्तराव्या वर्षी तुझी प्रगती समाधानकारक आहे. पूर्णविरामाशी मात्र तुझं अजून हाडवैर दिसतं.

निवृत्तीनंतर दिवसभर काय करतोस, असं विचारलंस. छत्तीस वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्या, ती खोड आता कुठे जाणार? इंटरनेटवर मी एक पान चालवतो, ‘लाल शाई’ नावाचं. लोक तिथे जे काही लिहितात त्यातला एखादा नमुना उचलायचा, कागदावर उतरवून लाल शाईने दुरुस्त करायचा, फोटो काढून टाकायचा आणि खाली दोन ओळींचा टोमणा. ताई, नुसता सुकाळ आहे. एका उद्गारचिन्हात भागत असताना लोक सहा-सहा देतात. ‘मला मदत कर’ म्हणायचं सोडून ‘माझी मदत कर’ म्हणतात. कुणी वारलं की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या पुढे बारा टिंबं, जणू गेलेला माणूस अजून वाटेतच आहे. आणि ‘खूप सारं प्रेम’ वाचलं की माझं रक्त खवळतं. बायको म्हणते, तुला रक्तदाबाची गोळी नको, फोन काढून घ्यायला हवा.

पण माझ्यासारखे आणखी बरेच खवट लोक जगात आहेत असं दिसतं. पानाला वाचक इतके झाले की मार्चच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात त्यांनी माझं भाषण ठेवलं आहे. जाहिरातीसाठी फोटो काढायला एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, जन्मभर टेबलावर वाकून काम केलं तरी तुमचे खांदे कसे अगदी सरळ आहेत. मी फुशारून गेलो. अंगात अर्थात तूच शिवलेला शर्ट होता. तयार शर्ट मला का कोण जाणे कधीच धड बसत नाहीत, हल्ली दुकानवाल्यांना शिवताच येत नाही. फिकट निळं कापड वेगळ्या पार्सलने पाठवलं आहे. भाषणासाठी एक शर्ट हवा. लोभ आहेच, त्यात शर्टापुरती भर घाल.

तुझा,
पंतोजी

१७ जानेवारी

चि. पंतोजीस,
अ. उ. आ.

कापड मिळालं, रंग छान आहे, तुझ्या निवडीत इतकी अक्कल नसते म्हणजे तुझ्या बायकोनेच घेतलं असणार, तिला माझा आशीर्वाद सांग. खुणा मोजल्या, दहाच भरल्या, अकराव्या जागी तुझी शाई नुसती सांडली आहे ती मी धरत नाही.

माप पाठवलं नाहीस ते बरं केलंस, तुझं माप माझ्या बोटांत आहे. सध्या रुग्णालयाच्या नर्सबायांचे गणवेश हातात आहेत, तेवढे संपले की तुझा शर्ट बेतायला घेते.

परवा डबे आवरत होते, तुझ्याकडून परत आलेल्या माझ्या पत्रांचे आता दोन डबे झाले, पहिल्या पत्रावर तर माझं काळं कमी आणि तुझं लाल जास्त आहे. बाबा गेल्यावर मी चौथीतून उठून मशीनवर बसले आणि तू शाळेतून आलास की मशीनशेजारी स्टूल ओढून मला त्या दिवसाचा धडा शिकवायचास, मोठ्या बहिणीला दटावायचाससुद्धा, म्हणून तुला पंतोजी म्हणायला लागले ते अजून म्हणते. लिहिता येतं ते तुझ्यामुळे, हे मी विसरत नाही.

सगळी पत्रं डब्यात आहेत, एक सोडून. तुझे भावोजी गेले त्या दिवशीचं पत्र तू परत पाठवलं नाहीस आणि मी कधी मागितलं नाही, त्याच्यावर लाल शाई चालवायला तुझा हात धजावला नसणार हे मला तेव्हाच कळलं. अकरा वर्षं झाली, त्या एका गोष्टीपायी तुझे सगळे टोमणे माफ करत आले आहे.

एक विचारू का, ज्यांचं लिहिणं तू असं चार लोकांत मांडतोस त्यांना काय वाटत असेल रे? आमच्याकडे माप घेताना कुणाचं पोट सुटलेलं असलं तरी आकडा मोठ्याने म्हणायचा नसतो, गुपचूप वहीत लिहायचा आणि टेप गळ्यात अडकवायची. तू शहाणा आहेस, मी आपलं विचारलं. ऊब राहू दे नात्यात, थंडी फार आहे.

तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र परत पाठवतो आहे, सात खुणा. एकअंकी संख्येत आल्याबद्दल अभिनंदन. शाई सांडली नव्हती, तो स्वल्पविराम होता.

तू काळजी करतेस तसं काही नाही. नावं मी झाकतो. कुणाचं लिहिणं आहे ते त्याच्या घरच्यांनासुद्धा ओळखू येणार नाही, आणि माझा राग माणसांवर नसतोच, चुकांवर असतो.

मागच्या आठवड्यात जरा पंचाईत झाली होती. तीच ती टिंबं आणि उद्गारचिन्हं, लोकांना कंटाळा आला असावा. दर सोमवारी नवा नमुना टाकायचा असतो आणि रविवारी दुपारपर्यंत हातात काही नाही. मग टेबलाचा खालचा खण उघडला. त्यात एक जुना हस्तलिखित मजकूर सापडला. दोन पानं आणि अख्ख्या दोन पानांत एकच पूर्णविराम, तोही शेवटी. एक्केचाळीस खुणा केल्या. खाली लिहिलं, ‘गाडी सुटली आहे, मधे कुठेही थांबणार नाही.’ ताई, इतकं यश आजवर एकाही नमुन्याला मिळालं नव्हतं. वीस हजार लोकांनी पाहिलं. एकाने लिहिलं, वाचता वाचता ऑक्सिजन लावायची वेळ आली. दुसऱ्याने लिहिलं, बाईंना कुणीतरी पाणी द्या. हसून हसून पुरेवाट झाली. नमुना कुणाचा ते विचारू नकोस, धंद्यातली गुपितं सांगायची नसतात.

भाषणाला तू यायचंस. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगितली आहे. मला घडवलं ते तुझ्या मशीनने, हे मी कुठे विसरलो आहे? माया आहे तशी असू दे.

तुझा,
पंतोजी

११ फेब्रुवारी

चि. पंतोजीस,
अ. उ. आ.

काल मोठी नर्स गणवेशाच्या मापाला आली होती. मी तिच्या पाठीमागे बसून घेर टाचत होते, ती उभ्या उभ्या फोन बघत होती आणि हसत होती. म्हणाली, ताई, तुम्हाला एक गंमत वाचून दाखवते, आणि वाचायला लागली.

दुसऱ्या ओळीला मला कळलं. तरी वाटलं असं कुणीही लिहील, माणूस सगळीकडे सारखाच मरतो. मग तिने फोन माझ्यापुढे धरला. कपडे बेतायचा खाकी कागद होता आणि पाठीमागून बाहीची रेघ उमटलेली दिसत होती. वरचं नाव तू काळं केलं आहेस. बाहीची रेघ झाकायचं तुला सुचलं नाही.

ती हसत होती आणि माझ्या तोंडात टाचण्या होत्या. घेर पुरा टाचला. तिला काही कळू दिलं नाही. ती गेल्यावर दुपारीच दुकान बंद केलं.

तुला आठवत नसेल म्हणून सांगते. ते पत्र मी रुग्णालयाच्या बाकावर लिहिलं, पिशवीत दुसरा कागद नव्हता. आत ह्यांना ऑक्सिजन लावला होता आणि मला बाहेर बसवलं होतं. लिहिणं थांबवलं असतं तर उठून त्या दारापाशी गेले असते, म्हणून थांबत नव्हते. मग डॉक्टर बाहेर आले आणि मी शेवटची ओळ लिहिली. तिथे तो एक पूर्णविराम आहे, तुझ्या वाचकांना सापडलेला.

पंतोजी, माझं हसं झालं त्याचं मला फार वाटत नाही, शिवणकाम करणाऱ्या बाईला कोण ओळखतं. पण ह्यांचा शेवटचा दिवस वीस हजार लोकांपुढे हसण्यासाठी तू मांडलास. आणि अकरा वर्षं मी ज्याला तुझी माया समजत होते, ते पत्र तुझ्या टेबलाच्या खालच्या खणात पडलेलं होतं.

मला एवढंच कळव. त्या लाल खुणा तू तेव्हाच केल्या होत्यास की आता केल्यास?

ताई

१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. नमुना मी त्याच क्षणी काढून टाकला. पण लोकांनी तो उचलून आपापल्या पानांवर लावला आहे, तो आता माझ्या हातात राहिलेला नाही.

तुझं नाव मी झाकलं होतं. तुझ्याकडे तसला फोन नाही, म्हणून तुझ्यापर्यंत पोचेल असं वाटलं नाही. हे लिहिताना कळतं आहे की ही सबब नव्हे, हा दुसरा गुन्हा आहे.

तू विचारलंस त्याचं खरं उत्तर देतो. ते पत्र आलं तेव्हा मी लाल पेन हातात घेतलं होतं आणि ठेवून दिलं. तू समजलीस ते अगदी खरं होतं. खुणा आता केल्या. जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी, चहा पिता पिता. त्या वेळी मला त्यात भावोजी दिसले नाहीत, तू दिसली नाहीस. एकामागून एक चुका दिसत गेल्या आणि इतका ऐवज एका जागी सापडल्याचा आनंद झाला. बायकोने ते वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, तिला विनोद कळत नाही.

ते पत्र सोबत परत पाठवतो आहे. छापखान्यात करायचो तसं ब्लेडने लाल खुणा खरवडून पाहिल्या, पण कागद जुना झाला होता, चार-पाच ठिकाणी भोकं पडली. क्षमा कर. मार्चच्या भाषणात मी सगळ्यांसमोर तुझं नाव घेईन, ते पत्र तुझं होतं असं सांगेन आणि तुझी माफी मागेन. तू पहिल्या रांगेत असावंस एवढीच इच्छा आहे. तुझं ११ तारखेचं पत्रही नेहमीप्रमाणे सोबत आहे. रागाव, पण तोडू नकोस.

तुझा,
पंतोजी

२८ फेब्रुवारी

चि. पंतोजीस,
अ. उ. आ.

पाकीट मिळालं. ह्यांच्या शेवटच्या दिवसाचं पत्र मिळालं. ते मी उजेडाकडे धरून पाहिलं. मग डब्यात ठेवलं.

माझं ११ तारखेचं पत्रही मिळालं. त्यावर तीन लाल खुणा आहेत. तुझ्या हाताला सवय आहे, मी समजू शकते. ‘पंतोजी’नंतरचा स्वल्पविराम बरोबर दिला होता, असं दिसतं.

भाषणात माझं नाव घेऊ नकोस. लोक एकदा हसले, आता हळहळतील. मला दोन्ही नको. मी येणार नाही. माझी खुर्ची तुझ्या बायकोला दे.

शर्ट सोबत पाठवला आहे. त्याबद्दल एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. तू सातवीत असताना जिन्यावरून पडलास, डावा हात खांद्यापाशी मोडला आणि नीट बसला नाही. तेव्हापासून तुझा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे. मी तुला पहिला शर्ट शिवला तो डावीकडे लोंबत होता. तू आरशात बघायच्या आधी मी तो काढून घेतला आणि बटण राहिलं आहे असं सांगितलं. खांदा उसवला. आत कापडाचा एक जादा पदर घातला. त्यानंतर तुझा एकही शर्ट त्या पदराशिवाय शिवला नाही. तुला तयार शर्ट बसत नाहीत, त्यात दुकानवाल्यांचा काही दोष नाही. फोटोवाल्या बाईंनी पाहिलेले सरळ खांदे मी शिवलेले होते.

हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नाही. माझ्या वहीतसुद्धा तुझ्या दोन्ही खांद्यांपुढे एकच आकडा आहे. वही कुणाच्या हाती लागेल असं वाटायचं.

या शर्टातही पदर आहे. त्या रविवारी तू बोलायला उभा राहशील तेव्हा कुणाला काही दिसणार नाही.

यापुढे मात्र कापड पाठवू नकोस. सोबत एका चिठ्ठीवर तुझं खरं माप लिहिलं आहे, डावा खांदा वेगळा आणि उजवा वेगळा. ती तुझ्याकडच्या एखाद्या शिंप्याला दे. आधी नीट पारखून घे. आकडा मोठ्याने वाचणारा नसावा.

या पत्रात सगळे पूर्णविराम दिले आहेत. तरी काही राहिलं असेल तर तसंच राहू दे. हे परत पाठवू नकोस.

लोभ होता. तो दोन डब्यांत भरून ठेवला आहे.

ताई